बंगई रिकामी का राहते? मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाग बसण्याजोगी करताना

"दिवाळीत बाग छान वाटते, होळी झाली की तिकडं कुणी फिरकत नाही." लातूरला आमच्या कॉलनीत ही तक्रार मी कितीतरी घरांत ऐकली आहे. आमच्याकडेही सलग तीन वर्षं हेच झालं. दिवाळीच्या आधी कुंड्यांना गेरू लावायचा, बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, कड्यांना तेल घालायचं, दोन-तीन महिने संध्याकाळचा चहा तिथे घ्यायचा. मार्च लागला की बंगईवर उशांचे अभ्रे वाळत पडायचे, एप्रिलमध्ये धुळीचा थर, आणि माणसं आत कूलरपुढे.

दर वर्षी मी दोष झाडांना दिला. पहिल्या वर्षी हिरवळ काढून टाकली, दुसऱ्या वर्षी वर हिरवं शेडनेट बांधलं, तिसऱ्या वर्षी बंगईवर जाड गादी आणली. काही उपयोग झाला नाही. या प्रत्येक दुरुस्तीत मी बागेकडे बघत होते, बसणाऱ्या माणसाकडे बघतच नव्हते.

उत्तर घरातच होतं. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मे महिन्यात रोज साडेपाचला आपली बाज ओढत घराच्या पूर्वेच्या बोळात नेतात. बोळ जेमतेम सहा फूट रुंद. तिथे स्वयंपाकघराची खिडकी, कपड्यांची दोरी, पाण्याचे दोन ड्रम. बघण्यासारखं काहीच नाही. मी त्यांना म्हणायची, "आत्या, समोर एवढी बाग आहे, तिकडं बसा की." त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "तिकडं भाजतंय बाई. हितं बरं वाटतंय." त्या खरंच जे वाटतं ते सांगत होत्या आणि मी ते म्हातारपणाचा हट्ट समजत होते. चौथ्या वर्षी मी त्यांच्या बाजेवर शेजारी जाऊन बसले, तेव्हा कळलं.

म्हणून तुमचीही बाग अशी रिकामी राहत असेल तर नर्सरीत जाण्याआधी एक आठवडा फक्त एवढंच बघा: उन्हाळ्यात घरातली माणसं, मांजर, कामाच्या मावशी, कुणीही, आपोआप कुठे टेकतात. जिन्याखाली, मागच्या वट्ट्यावर, फाटकाजवळच्या सावलीत, जिथे टेकत असतील तिथे. बाग तिकडे न्यायची. माणसांना बागेकडे ओढून आणलं तर ती चार दिवस येतात.

ऊन डोक्यावरून नाही, कुशीतून येतं

आमच्या घराचं तोंड पश्चिमेला आहे. बंगई समोरच्या अंगणात. दक्षिणेच्या बाजूला शेजाऱ्यांचं दोन मजली घर. दिवाळीच्या सुमारास सूर्य पश्चिमेच्या जरा दक्षिणेला कलून मावळतो, त्यामुळे चारनंतर शेजारच्या घराची सावली थेट आमच्या अंगणात पडते. आम्ही बंगई मांडली नोव्हेंबरमध्ये, सावली बघितली नोव्हेंबरची, आणि खूश झालो.

मे महिन्यात हिशेबच बदलतो. लातूर साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. नांदेड, परभणी, संभाजीनगर थोडं उत्तरेला, तिथे तो दिवस काही दिवस उशिरा येतो. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि मावळताना पश्चिमेच्या चांगलाच उत्तरेला जातो. म्हणजे शेजारच्या घराची सावली मेमध्ये आमच्याकडे येतच नाही. वायव्येला रस्ता मोकळा, तिकडून साडेसहापर्यंत ऊन सरळ डोळ्यांत. आणि शेडनेट कुठे? वर. पाच वाजता ऊन तिरपं खालून येतं, नेटचा त्याच्याशी संबंधच नाही.

यावर उपाय म्हणजे आडोसा उभा हवा, आणि तो पश्चिमेला नव्हे तर पश्चिम-वायव्येला हवा. बांबूच्या चटया, लोखंडी जाळीवर चढवलेली मधुमालती, वाळ्याचे पडदे, काहीही चालेल. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलं की आपल्याकडच्या कोरड्या हवेत चांगला गारवा येतो. मात्र मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की तो परिणाम संपतो, तेव्हा पडदे काढून वाळवून ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

ज्यांना आत्ता हिवाळ्यात आखणी करायची आहे त्यांनी उन्हाळ्यापर्यंत थांबायला नको. मार्गशीर्षातली पौर्णिमा, दत्तजयंतीची रात्र, तिचा चंद्र पहाटे साधारण तिथेच मावळतो जिथे मे-जूनचा सूर्य मावळतो. पहाटे उठून बसायच्या जागेवरून बघा. चंद्र कुठल्या दोन घरांच्या मधून खाली जातो तिथे खूण करा. उन्हाळ्याचं ऊन त्याच फटीतून येणार.

ऊन गेलं तरी बसवत नाही

हे पहिल्यांदा कळत नाही. सूर्य मावळला, वारा सुटला, तरी बंगईवर बसलं की पाठीला वाफ लागते. रात्री साडेनऊला समोरच्या भिंतीवर तळहात टेकवला तर मला तो दहा सेकंदांत काढावासा वाटला. त्याच वेळी पूर्वेच्या बोळातली भिंत नुसती कोमट होती. नऊ इंची विटेची, प्लास्टरची भिंत दुपारभर ऊन पिते आणि मध्यरात्रीपर्यंत ते सोडत राहते. सिमेंटचा कोबा आणि पेव्हर ब्लॉकही तसेच. पूर्वेच्या भिंतीवर ऊन फक्त सकाळचं, दुपारी एकनंतर ती घराच्याच सावलीत जाते, म्हणून संध्याकाळपर्यंत निवते. आत्यांना हे शास्त्र माहीत नव्हतं, पण पाठीला कळत होतं.

तेव्हा तळहाताची परीक्षा प्रत्येकाने करावी. मेमधल्या एखाद्या संध्याकाळी सहा, साडेसात आणि साडेनऊला घराच्या चारही भिंतींना हात लावून बघा. जी सगळ्यांत आधी निवते तिच्या कडेला बसायची जागा. अंगण पश्चिमेलाच असेल आणि दुसरा पर्याय नसेल तर भिंत उघडी ठेवू नका. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून जाळी उभी करा आणि तिच्यावर वेल चढवा. वेल थेट भिंतीला चिकटवू नका, मधून हवा खेळली पाहिजे. मधुमालती आपल्याकडे चांगली टिकते. पहिल्याच वर्षी सावली हवी असेल तर जूनमध्ये दोडका किंवा गिलकं लावा, दिवाळीपर्यंत जाळी भरते आणि भाजीही होते. पण हे वेल हंगामी आहेत. मेच्या उन्हासाठी बारमाही वेलच लागतो, आणि तो जाळी भरायला दीड-दोन वर्षं घेतो.

सडा टाकण्याबद्दल एक गोष्ट. तापलेल्या फरशीवर पाच वाजता बादलीभर पाणी ओतलं तर वाफ उठते आणि अर्धा तास आणखी उकडतं. सूर्य बुडाल्यावर शिंपडा, ओतू नका. माती असेल तर फारच उत्तम. मातीवर शिंपडलेलं तांब्याभर पाणीही पुरतं, आणि तो वास मिळतो तो वेगळाच.

हिरवळीचा मोह

हिरवळीबद्दल मी आता कुणाचं मन राखत नाही. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवायला दिवसाला सहा-सात मिलिमीटर तरी लागतं. दहा बाय दहा फुटांच्या तुकड्याला म्हणजे रोज साठ लिटरच्या आसपास. तीन दिवसांत एक ड्रम. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांमधून लातूरला पाणी आलं, ते ज्यांनी बघितलं त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्या उन्हाळ्यात माझ्या अंगणातलं बहुतेक सगळं गेलं. कण्हेर, मधुमालती, बोगनवेल आणि कोपऱ्यातला कडुनिंब राहिला. भांडी विसळलेलं पाणी मिळत होतं, तेवढ्यावर ही झाडं जगली. तेव्हापासून नवीन झाड आणताना मी पहिला प्रश्न हाच विचारते की त्या उन्हाळ्यात हे टिकलं असतं का.

जमीन उघडी ठेवायची नाही. वाळलेला पाला, सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, जे मिळेल ते तीन-चार बोटं जाड पसरायचं. खोडाला टेकवू नका, वीतभर जागा सोडा, नाहीतर आपल्या मातीत वाळवी लगेच चढते. मोठ्या झाडांच्या आळ्यात गळ्यापर्यंत पुरलेलं मातीचं मडकं ठेवा, वर झाकण. आठवड्यातून दोनदा भरलं की झिरपत राहतं. मडकं झाकलेलं हवंच, त्याचं कारण पुढे.

डास: नळाचा आणि त्यांचा मेळ

बोळात बसायला लागल्यावर दुसरी अडचण आली. समोर निदान वारा होता. उन्हाळ्यातला आपला वारा बहुतेक पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो. घराच्या आड, पूर्वेला, तो पोचत नाही, आणि जिथे वारा नाही तिथे डास.

आधी आम्ही अगरबत्त्या लावल्या, गवती चहाच्या आणि तुळशीच्या कुंड्या रांगेने ठेवल्या. कुंडीत नुसतं उभं असलेलं झाड डास पळवत नाही, हे मी दोन महिने बसून अनुभवलंय. मग शोध सुरू केला की हे डास येतात कुठून, आणि उत्तर लाज वाटण्याइतकं जवळ होतं. बाजेपासून सहा फुटांवर आमचेच दोन ड्रम.

डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. उन्हाळ्याच्या उष्णतेत अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत त्याला आठ-दहा दिवस पुरतात. आणि आपला नळ? आठ-दहा दिवसांनी. म्हणजे नळ आल्यावर भरलेलं पाणी पुढचा नळ येईपर्यंत ड्रममध्ये राहतं, तेवढ्यात एक पिढी तयार होते. शिवाय मादी अंडी घालते ती पाण्याच्या जरा वर, ड्रमच्या आतल्या ओलसर भिंतीला चिकटवून. ती अंडी कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात. त्यामुळे ड्रम नुसता रिकामा करून पुन्हा भरला की तीच अंडी पाणी लागताच फुटतात. आम्ही वर्षानुवर्षं हेच करत होतो.

आता नळाच्या दिवशी नियम असा: ड्रम रिकामा करायचा, नारळाच्या शेंडीने किंवा प्लास्टिकच्या ब्रशने आतून काठापासून तळापर्यंत घासायचा, ते पाणी जमिनीवर ओतायचं, मग भरायचा. वर जुन्या सुती साडीचा दुपदरी तुकडा, काठाला दोरीने घट्ट. नुसतं झाकण पुरत नाही, कडेला फट राहतेच. बागेच्या हौदात, जिथे पाणी काढून टाकणं शक्य नाही, गप्पी मासे सोडले.

बाकीच्या जागा पटकन सांगते. कुंड्यांखालच्या थाळ्या, त्या मी काढूनच टाकल्या. पाखरांसाठी ठेवलेलं परळ, रोज ओतून पुन्हा भरायचं. कूलरची टाकी. गच्चीवरच्या टाकीचं सरकलेलं झाकण. झाडामागे पडलेली करवंटी. आणि संडासच्या टाकीचा हवेचा पाइप, ज्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. रात्री गुणगुणणारे डास घाण पाण्यात वाढतात आणि त्या पाइपातून बाहेर येतात. पाइपाच्या तोंडाला नायलॉनची बारीक जाळी बांधा, तारेने. पन्नास रुपयांत आमच्या रात्री बदलल्या.

उरलेल्या डासांसाठी पंखा. डास उडण्यात कच्चा असतो, पंख्याच्या झोतात त्याला टिकता येत नाही. पंखा उंच नको, पायांकडे वळवलेला हवा, कारण डास घोट्याला चावतात. बसायच्या जागेभोवतीची दाट झुडपं बुंध्यापासून फूटभर मोकळी करा, दिवसा डास त्याच गार अंधारात बसलेले असतात.

फरशी दर पावसाळ्यात उचकटते

बोळात आधी सिमेंटचे ब्लॉक होते, ते एका ठेकेदाराने थेट काळ्या मातीवर बसवलेले. दोन पावसाळ्यांत असे झाले की बाजेचे तीन पाय टेकायचे आणि चौथा हवेत. आत्या एकदा अडखळल्या, सुदैवाने भिंतीला धरलं म्हणून पडल्या नाहीत.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडेपर्यंत आकसते. तिच्यावर बसवलेली कुठलीही गोष्ट हलणारच. आम्ही सगळं काढून फूटभर काळी माती उपसली, तिथे मुरूम भरला, दोन थरांत पाणी मारून धुमसाने चोपला, वर दोन इंच क्रशरची बारीक कच, आणि त्यावर शहाबादी फरशी, सांध्यात सिमेंट न घालता. पावसाचं पाणी सांध्यातून खाली जातं. एखादी फरशी बसलीच तर उचलून खाली मूठभर कच टाकता येते. पॉलिश केलेली फरशी घेऊ नका, ओली झाली की पाय घसरतो. आणि उतार घराकडून बाहेर ठेवा. काळ्या मातीत घराच्या पायाशी पाणी मुरत राहिलं तर भिंतींना तडे जातात, म्हणून आळी आणि ठिबकच्या नळ्या पायापासून तीन फूट तरी लांब.

बसलं की कामं दिसतात

हे माझं स्वतःचं दुखणं, आणि मला वाटतं बागेची हौस असलेल्या प्रत्येकाचं. सावली झाली, डास कमी झाले, फरशी सपाट झाली. मी चहा घेऊन बसले, आणि दुसऱ्या मिनिटाला उठले, कारण जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला. तो पुसला तर शेजारच्या कुंडीत गवत. चहाचं पाणी झालं. आमचे हे म्हणाले, "तू बसायला येतेस का निगराणीला?" खरं होतं ते. अठ्ठेचाळीस कुंड्या होत्या माझ्याकडे, आणि त्यातली प्रत्येक काहीतरी मागत होती.

मी त्या अठ्ठेचाळीसच्या अकरा केल्या. जड गेलं. बाकीच्या बहिणीला, शेजारच्या काकूंना, शाळेला दिल्या. ज्या झाडांना सारखं बघावं लागतं, गुलाब, शेवंती, मिरचीची रोपं, ती समोरच्या अंगणात नेली आणि सकाळी सात ते आठ हा तासभर त्यांचा. बोळात फक्त अशी झाडं ठेवली जी आठवडाभर दुर्लक्ष केलं तरी रुसत नाहीत. कात्री, खुरपं, खताची पोती, रिकाम्या कुंड्या जिन्याखाली पडद्याआड. बाजेचं तोंडही वळवलं, आता समोर मोगरा आणि शेजारच्या कडुनिंबाचा शेंडा दिसतो, कुंड्या पाठीमागे आहेत. जे दिसत नाही त्याच्यासाठी माणूस उठत नाही.

मोगऱ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण बोळातला खरा आनंद तोच आहे. सकाळचं ऊन चार-पाच तास मिळालं की त्याचं भागतं, पूर्वेची बाजू त्याला मानवते. संक्रांतीनंतर पाणी तोडायचं, पानं काढायची, फांद्या निम्म्यावर छाटायच्या, शेणखत देऊन पुन्हा पाणी सुरू करायचं. मार्चअखेर कळ्या. कळी संध्याकाळी उमलते, म्हणजे नेमकी आपण बसतो तेव्हा. साडेसहाला कळीचं टोक सैल होतं, दिवेलागणीला पहिल्या पाकळ्या सुटतात. आत्या त्यातल्या चार वाटीत पाण्यावर ठेवतात आणि वाटी उशाशी.

बोअरच्या पाण्याने मोगऱ्याची पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. लोक खत वाढवतात, त्याने काही होत नाही. आपल्या मातीत आणि बोअरच्या पाण्यात चुना जास्त, त्यामुळे झाडाला लोह उचलता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि लिंबाचे थेंब, संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. फरशीवर आधी पोतं अंथरा, हिराकसाचे तांबूस डाग शहाबादीवरून निघत नाहीत. आमच्या तिसऱ्या फरशीवर ते अजून आहेत. पावसाळ्यात पहिले चार चांगले पाऊस कुंड्या उघड्यावर ठेवा, वर्षभर साठलेले क्षार त्या पाण्याने खाली निघून जातात.

रस्त्याचा आवाज

झाडांच्या रांगेने आवाज थांबतो असं सगळे सांगतात. चार-पाच फुटांच्या झुडपांनी रस्ता दिसेनासा होतो, आवाज जवळजवळ तेवढाच येतो. आवाज अडतो तो भरीव भिंतीने. आमच्या बोळाला घराचीच भिंत आड आली, हा आयता फायदा. उरलेल्या आवाजासाठी दुसरा आवाज लागतो.

लहानपणी शाळेच्या सहलीत औरंगाबादची पाणचक्की बघितली होती, तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. डोंगराकडून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आलेलं पाणी तिथे उंचावरून हौदात पडतं, वर वडाची सावली. बाहेर रिक्षांचा गोंगाट असूनही आत शांत वाटलं होतं, आणि का ते मला कळलं नव्हतं. पडणाऱ्या पाण्याचा आवाज सतत आणि सारखा असतो, त्यात बाकीचे तुटक आवाज बुडून जातात.

घरी त्यासाठी कूलरचा जुना पंप पुरतो. जुनं तांब्याचं घंगाळ, त्यात पंधरा-वीस लिटर पाणी, पंपाची नळी दगडाआडून वर आणून सहा-सात इंचांवरून धार सोडलेली. जास्त उंचावरून सोडली तर पाणी बाहेर उडतं आणि आवाज कर्कश होतो. घंगाळ कानाजवळ हवं, बोळाच्या टोकाला ठेवलं तर काही ऐकू येत नाही. पाणी आठवड्यातून एकदा ओतून झाडांना घालायचं, घंगाळ घासायचं, कारण डासांचा नियम इथेही तोच. आणि विजेची हयगय नको. ओल्या हाताने कूलरला हात लावून शॉक बसल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. घरात ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं बटण, बसवलेलं असू द्या, आणि पाण्यात हात घालण्याआधी पिन काढलेली असू द्या, बटण बंद करण्यावर भागवू नका.

अंधार पडल्यावर

पांढरा झगझगीत दिवा डोक्यावर लावला की दहा मिनिटांत पाखरं चहात. पिवळा, मंद बल्ब घ्या आणि तो बसायच्या जागेपासून लांब, कमरेच्या खाली लावा. किडे तिकडे जातात, आपल्याला पायवाट दिसते, डोळ्यांवर उजेड येत नाही.

विटांचा ढीग, जुनी लाकडं, फुटक्या कुंड्या भिंतीला लावून ठेवू नका. आपल्याकडे विंचू तिथेच सापडतो. पावसाळ्यात बाजेवरून पाय खाली टाकण्याआधी बॅटरी मारायची सवय मी मुलांना लावली आहे, चपलाही झटकून घालायच्या. आणि गाजरगवत दिसलं तर फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. ज्यांना दमा किंवा अंगाला खाज आहे त्यांना या गवताच्या शेजारी कुठलीच बाग सुखाची होणार नाही.

समोरच्या अंगणाचं काम अजून राहिलंय. पश्चिमेच्या भिंतीपुढे जाळी उभी केली आहे, या मृगात मधुमालतीची दोन रोपं लावली, ती आत्ता गुडघ्याला आली आहेत. तोवर दिवाळी ते महाशिवरात्र आम्ही बंगईवर बसतो, आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी आत्यांची बाज, माझी खुर्ची आणि मोगऱ्याची कुंडी बोळात येते.